चार महिने आणि आठ दिवस

मला क्षय झाला होता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण मला ते चार महिने उशिरा कळालं. डॉक्टरला ठाऊक होतं, माझ्या मेहुण्याला ठाऊक होतं. ज्याची छाती होती त्याला तेवढं ठाऊक नव्हतं.

सेनगावकडचे एक मास्तर मागच्या महिन्यात माझ्याकडं आले. त्यांच्या धाकट्या भावाच्या थुंकीतून रक्त पडतंय. म्हणाले, "मारोतराव, तुमी त्या डोंगरावरून जिते परत आलात. कसं काय निभावलं ते लिहून द्या, त्याला धीर येईल." धीरबीर देणं मला जमत नाही. मी रागीट माणूस आहे. निम्मा औषधपाण्यानं बरा झालो आणि निम्मा रागानं. पण मास्तर हात जोडून बसले, म्हणून लिहून राहिलो. ज्याला जे घ्यायचं त्यानं ते घ्यावं.

खेळासाठी आणलेला जावई

आमचं गाव कळमनुरीच्या बाजूला, डोंगराच्या कडेनं. बापाची चार एकर बरड जमीन आणि वीस-बावीस शेळ्या. शेळ्यांमागं हाळ्या देऊन देऊन माझा दम लहानपणीच लांब झाला. हुतूतूत सगळा खेळ दमाचा. एका दमात तोंडानं हुतूतू म्हणत समोरच्यांच्या अंगणात घुसायचं, गड्याला शिवायचं आणि दम तुटायच्या आत मधल्या रेघेवर परत यायचं. त्यांनी धरून ठेवलं आणि तिकडंच दम तुटला, की तुम्ही मेलात, जाऊन बाहेर बसा. माझा दम तुटायचाच नाही. लोक म्हणायचे, ह्याच्या पोटात लोहाराचा भाता हाय.

दत्तरावानं मला एका जत्रेत पाहिलं. तो आमच्यापासून दोन कोसावरच्या मोठ्या गावचा, भरल्या घरचा, आणि तिथल्या हुतूतूच्या संघाचा पुढारी. तिसऱ्या दिवशी तो माझ्या बापासमोर येऊन बसला. "पोरगं आमाला द्या. धाकटी बहीण देतो, शेतात वाटा देतो. आमच्याच गावात राहील अन् आमच्याकडून खेळंल." आमच्याकडं असे जावई पुष्कळ गावांनी आणले होते, कोणी कुस्तीसाठी, कोणी पेटी वाजवण्यासाठी. मला हुतूतूसाठी नेलं. रुक्मिणी चांगली निघाली हे माझं नशीब. तिला कोणी विचारलं नव्हतं आणि मलाही नव्हतं.

सहा वर्षं मी त्यांच्याकडून खेळलो. सहाच्या सहा वर्षं माघातल्या जत्रेचं निशाण त्यांच्या गावात राहिलं. दत्तराव मला खांद्यावर घेऊन वेशीपर्यंत नाचत जायचा. "दाजी, तुमी हाव तवर आमाला कोण हरवतंय!" असं साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायचा. त्या माणसावर माझा जीव होता. लिहायला जड जातं, पण होता.

ओटा

भादव्यात खोकला लागला. दिवस कलला की अंगात कणकण यायची आणि धोतर सैल व्हायला लागलं. आश्विनात एकदा सराव करताना तोंडात खारट लागलं, थुंकलो तर लाल. झालं! सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की छातीत मार बसला. हुतूतूच्या गड्याचं रक्त दिसलं की आमच्याकडं दुसरं काही कोणाच्या मनातच येत नाही. पाच-पाच गडी छातीवर पडतात, तेव्हा बरगडी दुखावणारच. हळद घातलेलं दूध प्यायचं, लोखंड तापवून डाग द्यायचा आणि आठ दिवसांत पुन्हा मैदानात उतरायचं. मला तीन डाग दिले. तिन्ही अजून छातीवर आहेत.

खोकला जाईना तेव्हा दत्तरावानं स्वतः गाडी जुंपली आणि मला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली, मागून पुढून ठोकून पाहिलं, थुंकी काचेवर घेतली आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पाहून मला म्हणाला, "आप जरा बाहर बैठो." मी मुकाट्यानं बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. काहून बसलो? कारण तशीच रीत आहे. रोग मोठा असला की रोग्याला बाहेर बसवायचं आणि घरच्या जबाबदार माणसाला आत सांगायचं. खिशात भुईमुगाच्या शेंगा होत्या, त्या मी फोडून खात बसलो.

दत्तराव बाहेर आला तो हसतच. "काय न्हाई दाजी. मारच हाय छातीला. दूध-तूप हाणा, बराबर होतंय."

मास्तरांच्या भावाला माझं एवढंच सांगणं आहे: डॉक्टरनं बाहेर बसा म्हटलं तर बसू नका. खुर्चीला धरून बसा, पायाला मिठी मारा, पण तिथून हलू नका. छाती तुमची आहे. बायको असेल तर तिलाही आत घ्या.

मी चार महिने खेळलो. सरावही केला, एका तांब्यानं सगळ्यांबरोबर पाणीही प्यालो. आणि घरी गोदी होती. माझी लेक, तेव्हा तीन वर्षांची. माझ्याच अंथरुणात, माझ्या छातीवर डोकं ठेवून निजायची. दूध प्या म्हणून सांगितलेलं, तर त्या पेल्यातलं अर्धं मी प्यायचो, अर्धं ती. रुक्मिणी म्हणायची, "बापाचं दूध पिऊन राहिली भवानी! आता ही पण हुतूतू खेळती बघा." आम्ही दोघंही हसायचो.

दुसऱ्यांदा हिंगोली

माघातला सामना आम्ही जिंकलो. शेवटचा गडी मीच मारला आणि रेघेवर परत येऊन जे ओकलो ते सगळं रक्त होतं. जवळच्या पोरी किंचाळत पळाल्या. ह्या खेपेला कोणी मार बसला म्हणालं नाही.

डॉक्टरनं मला ओळखलं. नळीसुद्धा लावली नाही, दत्तरावावरच भडकला. "मैंने चार महिने पहलेच बोला था ना? खेल बंद, बिस्तर अलग, बर्तन अलग! बोला था के नहीं?"

आमचं शिक्षण उर्दूतलं. मला शब्दन् शब्द कळाला. खेळ बंद हे ऐकून काही झालं नाही. बिस्तर अलग म्हणाला तेव्हा छातीवर डोकं ठेवून निजलेली गोदी डोळ्यांपुढं आली, आणि बर्तन अलग म्हटल्यावर तो दुधाचा पेला. मी खाली बसलो. दत्तराव आपल्या जोड्याकडं पाहत उभा होता.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "दत्तराव, काहून केलं हे?"

"जत्रा तोंडावर आली होती दाजी. तुमाला सांगितलं असतं तर तुमी हाय खाल्ली असती. मनलं, जत्रा होऊ द्यावं, मंग सांगावं. चार महिन्यांत काय होतंय?"

तो खोटं बोलत नव्हता, हेच मला जास्त लागलं. त्याला खरंच वाटत होतं की आपण काही वाईट केलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हातात जोर असता तर तिथंच नरडं धरलं असतं. जोर नव्हता, म्हणून मनात बोललो: ह्याला मी ह्याच्याच गावच्या मैदानात, ह्याच्याच माणसांदेखत मातीत घालीन. त्यासाठी जगावं लागलं तर जगीन.

डोंगरावर

हिंगोलीहून पूर्णा, तिथं गाडी बदलून हैदराबादच्या दिशेला, आणि पुढं डोंगरावर क्षयाचा दवाखाना. वीस महिने तिथं काढले. लांबच लांब पडवी, एका रांगेत चाळीस खाटा. थंडी असो, पाऊस असो, पडवी उघडीच. उठायचं नाही, हसायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. सकाळी दूध आणि अंडं, मग ताप मोजायचा, मग पडून राहायचं. माझ्या घरात अंडं कधी शिजलं नव्हतं. पहिल्या दिवशी नाक धरून गिळलं, नंतर लोकांचीही मागून खायला लागलो.

उपाय असा होता की बरगड्यांतून सुई घालून आत हवा भरायची. आजारी फुप्फुस दबून निजतं, आणि निजलं की जखम भरते. सुईचं दुखणं फार नव्हतं. पण माझी सारी कमाई दम होती आणि ही माणसं तो हळूहळू काढून घेत होती. पहिल्या सुईनंतर मी पांघरुणात तोंड घालून हळूच हुतूतू म्हणून पाहिलं. पाच झाले आणि दम संपला. पूर्वी चाळीसच्या पुढं जायचे. मी पोरासारखा रडलो.

शेजारच्या खाटेवर करीमचाचा होते, वसमतच्या हळदीच्या आडतीवरचे हमाल. जन्मभर पोती मोजलेला माणूस, मोजल्याशिवाय त्यांना करमायचंच नाही. ते आमचे श्वास मोजायचे. "वो कोने वाला आज तीस पे है. कल चौबीस था. देख लेना." आणि खरंच, दोन दिवसांनी त्या कोपऱ्यातल्याच्या खाटेभोवती पडदा लावायचे. मलाही नाद लागला. करायला दुसरं होतं काय? डोळे मिटून चाळीस छात्या ऐकायच्या. कोणाचा श्वास कोरडा, कोणाचा ओला, कोणाचा वरच्या वर, कोणाचा मधेच अडखळणारा. वर्षभरात असं झालं की माणूस पडवीत शिरला की त्याच्या चालीआधी मला त्याचा दम ऐकू यायचा.

करीमचाचा दुसऱ्या हिवाळ्यात गेले. जायच्या आदल्या दिवशी आपलं अंडं माझ्या थाळीत ठेवून म्हणाले, "तू खा. तेरे को किसी से बदला लेना है, मेरे को तो किसी से नहीं." मी ते खाल्लं. त्यांचा श्वास मी मोजला होता, आणि मला ठाऊक होतं.

बदल्याचं त्यांना मीच सांगितलं होतं. पडल्या पडल्या मी रोज एकच सामना खेळायचो. दत्तराव कसा शिरतो, कोणता पाय पुढं टाकतो, दम अर्धा झाला की कसा मागं पाहतो. सहा वर्षं त्याच्या खांद्याला खांदा लावून खेळलो होतो. त्याला पाडायच्या साऱ्या तऱ्हा मी त्या खाटेवर पाठ केल्या. डॉक्टर म्हणायचे, ह्याचं मन फार शांत आहे, म्हणून हा सुधारतो.

गोदी

रुक्मिणी एकदाच येऊ शकली. तिच्या अंगात चोळी सैल झाली होती. मी विचारलं, "गोदी कशी हाय?"

"मामाकडं हाय. मजेत हाय. तुमची आठवण काढती."

मी खाटेवर बसून लाकडाची एक चिमणी कोरली होती, ती दिली. तिनं ती पदरात बांधली आणि दुसरीकडं तोंड केलं. मला वाटलं, माझी दशा पाहून रडली.

बरा होऊन परत आलो तेव्हा घरात पाऊल टाकल्या टाकल्या हाक मारली, "गोदे!" कोणी आलं नाही. रुक्मिणीनं ट्रंकेतून ती चिमणी काढून माझ्यासमोर ठेवली. गोदी मी गेल्यावर चौथ्या महिन्यातच गेली होती. खोकला नाही की काही नाही, नुसता ताप, मग मान ताठ झाली, क्षय डोक्यात चढला म्हणाले, आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. रुक्मिणी डोंगरावर भेटायला आली तेव्हा गोदीला जाऊन सहा महिने झाले होते.

"तूपण?" मी म्हणालो. "तूपण मला बाहेर बसवलंस?"

"तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, धक्का बसंल, सांगू नका. म्या काय करू? लेकरू गेलं, आता नवराही घालवू?"

दोन महिने मी तिच्याशी बोललो नाही. तीही बोलली नाही, पण रोज माझ्यापुढं दूध ठेवत होती. एके दिवशी मीच म्हणालो, "आपल्या गावी जाऊ. ह्या घराचं पाणी मला नको." तिनं काही न विचारता गाठोडं बांधलं. दत्तराव दारात आडवा आला, "रुक्मे, तू काहून चाललीस?" तर ती म्हणाली, "दादा, बाजूला व्हय." तिला मी तिथंच माफ केलं. त्याला नाही.

वस्ताद

आमच्या गावी शेळ्या राखणारे, चार-दोन एकरवाले पंधरा-वीस गडी होते. हुतूतू खेळायचे, पण खेळ म्हणजे नुसती झोंबाझोंबी. मी म्हणालो, मी शिकवतो. ते हसले. "वस्ताद, तुमाला तर धड हाळी देता येईना!" खरंच होतं. एका फुप्फुसावर माझे आठ हुतूतू व्हायचे, फार तर नऊ.

मी त्यांना रेघ आखून दिली आणि स्वतः बाजूला डोळे मिटून बसलो. एकजण दम घेऊन शिरला. मी ऐकत राहिलो आणि मधेच म्हणालो, "आता धरा!" त्यांनी धरलं आणि त्याचा दम तिथंच तुटला. दुसरा शिरला. "नका धरू, लई दम हाय त्याच्यात. पळू द्या... आता!" दहाच्या दहा वेळा बराबर. मग कोणी हसलं नाही.

दोन वर्षं मी त्यांना एकच गोष्ट शिकवली. समोरच्याचे हातपाय पाहू नका, दम ऐका. तीन हिस्से दम सरला की आवाज बारीक होतो, तोवर अंगाला लागूच नका, मग पाचही जणांनी एकदम पडा आणि तुटेपर्यंत सोडू नका. आणि रोज शिव्या. फार शिव्या दिल्या मी. त्यांना वाटायचं वस्ताद तापट आहे. मी त्यांना शिव्या देत नव्हतो, माझ्या डोळ्यांपुढं दुसराच होता.

माघ

सामना दत्तरावाच्या गावच्या जत्रेत. तो सामन्याआधी माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "दाजी, झालं गेलं इसरून जा. आपलीच माणसं हाव आपण." अंगानं उतरला होता. मला वाटलं, वय झालं. मी खांदा झटकून हात पाडला.

आमच्या गड्यांनी त्यांचे एकामागून एक मारले. लोकांना कळेना की हे शेळ्यांमागचे लोक एवढे बेरकी कधी झाले. शेवटी त्यांचा एकटा दत्तराव उरला आणि आमचे पाच. तो दम घेऊन शिरला. मी डोळे मिटले.

दहापर्यंत ठीक होता. पंधराला खाली एक ओला आवाज आला. आधण येण्याआधी भांड्यात होतो तसला, बारीक. विसाला तो वर आला. चाळीस खाटांवर वीस महिने तो आवाज मी ऐकला होता. मला दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती. त्या चार महिन्यांत आम्ही एका तांब्याचं पाणी प्यालो होतो, तोंडासमोर तोंड आणून सराव केला होता. जे त्यानं माझ्यापासून लपवलं, ते त्याच्याही छातीत जाऊन बसलं होतं.

माझे पाचही गडी माझ्याकडं पाहत होते. मी "नका धरू" म्हणालो असतो तर त्यांनी सोडलं असतं. मी म्हणालो, "आता!"

पाचही जण त्याच्या छातीवर पडले. तो रेघेकडं हात लांब करत होता. त्याचा दम तुटला. आम्ही जिंकलो. तो उठून बसला, खोकला आणि त्याच्यासमोरची माती लाल झाली.

"मार बसला," त्यांचे लोक म्हणाले. "छातीत मार बसला. हळद-दूध द्या."

दत्तरावही हसून म्हणाला, "लई जोरात पडले भाडखाव!"

मी निशाण घ्यायला पुढं झालो. मनात म्हणालो, चार महिने. त्यानं चार महिने, मीही चार महिने. रास्त आहे.

आठ दिवस

खोटं लिहीत नाही, ते दिवस चांगले गेले. भाकरी गोड लागत होती. गावात पोरं माझ्या पाया पडत होती. मी उन्हाला बसून पाहायचो की आज एक दिवस झाला, आज दोन झाले. दत्तरावाला एक मुलगी होती, शेवंती, पाच वर्षांची. ती माझ्या ध्यानात आलीच नाही असं लिहिलं तर ते पाप होईल. आली. दुसऱ्याच दिवशी आली. मी तिला मनातून बाजूला सारलं आणि भाकरी खाल्ली.

आठव्या दिवशी त्या गावाहून कोणी तरी आलं. दत्तरावाला डाग दिला, तरी खोकला थांबेना, असं सांगून गेलं. रुक्मिणी पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"मार हाय का ते?"

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"तुमाला तर समद्यांचं ऐकू येतंय. तुमी व्हता तिथं. मार हाय का?"

"न्हाई."

तिनं हात धुतले नाहीत. तशीच उठली. "माही गोदी तुमच्या छातीवर निजायची तवा घरात कोणाला ठाव नव्हतं," ती म्हणाली. "आता तुमाला ठाव हाय. उठा."

दोन कोस ती माझ्या पुढंच चालत राहिली, हाताला पीठ तसंच. दत्तराव पडवीत खाटेवर पडला होता आणि शेवंती त्याच्या पोटावर बसून त्याच्याच पेल्यातलं दूध पीत होती. मिशा आल्या होत्या तिला दुधाच्या.

मी चार वर्षं बोल घोकून ठेवले होते. ते साऱ्या घरादेखत बोललो. "दत्तराव, तुला क्षय हाय. मार न्हाई न् बीर न्हाई. बिस्तर अलग, बर्तन अलग. माझी लेक खाल्लीस, आता तुझी वाचव." त्याच्या बायकोनं तोंडात पदर कोंबला. तोवर मला गोड वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

दत्तरावानं शेवंतीला खाली ठेवलं. आपल्या धोतराच्या सोग्यानं तिचं तोंड पुसलं, मग काय करून राहिलो हे त्याला कळालं आणि त्यानं तो सोगा हातातून टाकून दिला.

"कवा कळालं दाजी?"

"मैदानात."

"आठ दिस झाले," तो म्हणाला. एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दत्तराव आता त्याच डोंगरावर आहे. कार्ड येतात. "दाजी, हितं बोलू देत न्हाईत, अंडं खावं लागतंय." मी उत्तर दिलेलं नाही आणि देणार नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. मास्तरांच्या भावानं हे वाचून असं समजू नये की आजारानं माणूस मोठ्या मनाचा होतो. माझं तर तसं काही झालं नाही.

पण दर बाजारच्या दिवशी मी त्या गावाला जातो. रझाकारांच्या धामधुमीतही आडवाटेनं जात होतो, आता पोलीस ॲक्शननंतर रस्ता मोकळा आहे. शेवंती मला पाहून पळत येते. मी म्हणतो, "चल, हुतूतू म्हण." तिला वाटतं मी तिला खेळ शिकवून राहिलो. ती डोळे मोठे करून, गाल फुगवून म्हणायला लागते आणि मी मोजतो. दीड वर्ष झालं, दर खेपेला चौदाच भरतात. घरी आलो की रुक्मिणी दारातच विचारते, "किती?" मी सांगतो, "चौदा." मग ती चुलीपुढं जाते.

परवाच्या बाजाराला बारा भरले. मी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा बाराच. घरी आलो. रुक्मिणीनं दारात विचारलं, "किती?"

मी म्हणालो, "चौदा."